कावळ्याला दिलेला शब्द

रोहिदासाला देवानं तोंड दिलंय ते फक्त जेवायला, असं अंबुबाई आल्यागेल्याला सांगत असत, आणि सांगताना त्यांच्या जिभेला कधी शीण म्हणून वाटत नसे. पहिल्या शिफ्टची बस त्याला चार वाजता महाळुंग्याच्या फाट्यावर सोडायची. तिथून तो चालत यायचा, बूट काढायचा, हातपाय धुवायचा, बायकोनं, म्हणजे मिनलनं, वाढलेलं ताट खाली मान घालून संपवायचा आणि भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा! आई समोर पाटावर बसलीय, तिचे गुडघे सुजलेत, तिच्या भाड्याच्या खोल्यांमधला एक जण न सांगता गाशा गुंडाळून पळालाय... कशाचं काही नाही! विचारलं तर ‘हं’, रागावलं तर ‘बरं’. असल्या लेकापेक्षा मुका बैल बरा, तो निदान हंबरतो तरी!

थोरला दादासाहेब तसा नव्हता. तो रावेतहून यायचा तेव्हा सगळ्या आळीला कळायचं. त्याच्या हसण्याला मोल होतं, त्याच्या शब्दाला वजन होतं. आणि त्याचा सगळ्यात मोठा शब्द अंबुबाईंनी काळजाच्या कप्प्यात जपून ठेवला होता...

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अंबुबाईंचे मालक सोनबा पिंपरीच्या एका मोठ्या दवाखान्यात एकोणीस दिवस काचेच्या खोलीत पडून होते आणि शेवटी तिथेच गेले. दहाव्याला नदीच्या घाटावर पिंड मांडले, आणि कावळा शिवेना! तास गेला, दीड तास गेला. भावकी उन्हात उभी, समोरच्या झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलेला असतो, तो शब्द देऊन मोकळा करायचा असतो, ही रीत लहान पोरालाही ठाऊक. नणंदेनं सांगितलं, वहिनीला अंतर देणार नाही. पुतण्यांनी सांगितलं, बांधावरून भांडणार नाही... कावळे हलले नाहीत. भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा दादासाहेब पुढं झाला, हात जोडले आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “तात्या, तुमच्या दवाखान्याचं सगळं देणं मी फेडीन. त्यात जीव ठेवू नका.” आणि काय आश्चर्य! फडफड करत एक कावळा उतरला आणि भाताला चोच लावून गेला!

सगळा घाट गहिवरला. लेक असावा तर असा, म्हणाले लोक. वैधव्याच्या त्या दारुण दुःखातही अंबुबाईंची छाती अभिमानानं भरून आली... आणि त्याच क्षणी त्यांची नजर धाकट्याकडे गेली. रोहिदास ओठ घट्ट मिटून पाण्याकडे पाहत उभा होता. जन्मदात्या बापासाठी एक शब्द... एक शब्दसुद्धा त्याच्या तोंडून सुटला नाही!

ते शल्य अंबुबाईंच्या अंतःकरणात तेव्हापासून रुतून बसलं होतं. आणि आता त्याच रोहिदासाच्या नावाचा कागद घेऊन कोर्टाचा बेलीफ तिसऱ्यांदा दारात उभा होता!

“परत आलात?” अंबुबाईंनी कमरेवर हात ठेवले. “आवो, दोन डाव सांगितलं ना, ते देणं फिटलं म्हणून! कावळा शिवलाय. शंभर माणसं साक्षीला हायेत. ज्याचं देणं त्यो मोकळा झाला, आन् तुमी काय धरून बसलाय?”

बेलीफ चढत्या उन्हात मोटारसायकलवरून आलेला, घामानं डबडबलेला माणूस होता. त्यानं वाद घातला नाही. पिशवीतून डिंकाची बाटली काढत तो म्हणाला, “आजी, कावळ्याची पावती कोर्टात चालत नाही. दोन वेळा तुम्ही कागद नाकारला. आता दाराला लावायचा हुकूम आहे.”

“ए! दार माझं हाय!”

“दार तुमचंच राहील. कागद कोर्टाचा.”

आणि त्यानं तो लावला... वर, खाली, चारी कोपऱ्यांना बोटानं दाबून! खोल्यांमधल्या बायाबापड्या धुण्याच्या बादल्या तशाच धरून बघत राहिल्या. बीडहून आलेली कौशल्याबाई, जी एरवी भाडं द्यायला येताना ‘मालकीणबाई’ म्हणून पदर सावरायची, तिनं मान दुसरीकडे वळवली. ती वळवलेली मान अंबुबाईंना थोबाडीत बसल्यासारखी लागली. ज्या दारावर जावळाची, लग्नाची तोरणं लागली, त्या दारावर कोर्टाचा कागद!

बेलीफ निघून गेला, पण त्याच्याबरोबर आलेला पाठीवर बॅग लावलेला तिशीचा माणूस पायरीशीच थांबला.

“तुमी कोण आता? डिंकवाल्याचे मदतनीस?”

“मी सुजित, मावशी. वसुलीच्या एजन्सीत हाय. दवाखान्यानं जुनी येणी आमच्याकडं दिलीत. दावा आमीच टाकलाय.”

“म्हंजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे तुमीच की!”

“म्हणा मावशी, काय म्हणायचं ते म्हणा.” त्याच्या बोलण्याला लातूरकडची लांबण होती. “रोज चार दारं ऐकतो मी. लोक आईबहिणीवर जातात. एवढं शुद्ध तर कुणी बोललंच नव्हतं. जरा पाणी मिळंल का?”

दारात आलेल्याला पाणी नाकारणं अंबुबाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मिनलनं तांब्या आणला. सुजित उभ्यानंच गटागटा प्यायला, तोंड पुसलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “रोहिदासभाऊ देवमाणूस हाय बघा. दोन वर्षं दर महिन्याला भरत होते. गेल्या दिवाळीत कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला, तवापासून थांबलं. पण फोन उचलत्यात, शिवी देत न्हाईत. मला म्हणाले, कोर्टाचा कागद येऊ द्या, साहेबांपुढं उभा राहतो आन् हप्ते मागून घेतो. आन् कागद तर दोनदा ‘घेण्यास नकार’ म्हणून माघारी! आमचा वकील म्हणतो, माणूस पळतोय. आता ह्या सोमवारी हजर न्हाई झाले तर एकतर्फी निकाल, आन् मग पगारावर जप्ती.”

मिनलचा हात दाराच्या चौकटीवर घट्ट झाला. सासूला ती आत्या म्हणायची. “आत्या... दोनदा कागद आला होता? मला का नाही सांगितलं? जप्तीचं पत्र ठेकेदाराकडं गेलं की दुसऱ्या दिवशी माणसाला घरी बसवतात. यांच्या लाइनवरच्या दोघांचं तसंच झालं. अकरा वर्षं झाली यांना तिथं... अकरा वर्षं!”

पण अंबुबाईंच्या कानावर त्यातलं काही धड पडलंच नव्हतं. त्या सुजितकडे बघत होत्या. “थांबा. रोहिदास भरत व्हता? आन् दादासाहेब?”

सुजितनं बॅगेतला कागद काढून वरखाली पाहिला आणि अगदी निरागसपणे विचारलं, “दादासाहेब कोण, मावशी?”

•

दोन बस बदलून अंबुबाई रावेतला पोचल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. नवव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटात त्या वर्षातून एकदाच, दिवाळीच्या पाडव्याला यायच्या. आणि खाली लावलेली लेकाची पांढरी गाडी डोळे भरून बघूनच वर चढायच्या. आज गाडीच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी स्कूटर उभी होती.

दार दादासाहेबानंच उघडलं. भर दुपारी घरी, बनियनवर, दाढी वाढलेली. आईला पाहून त्याचा चेहरा एकदम पडला. त्याची बायको मोनिका “या ना आत्या” म्हणून पुढं झाली आणि सासूचा चेहरा बघून तशीच मागं सरली.

“बसायला न्हाई आले,” अंबुबाई म्हणाल्या. “एकच इचारते. घाटावर बापाला शब्द दिला व्हतास. पाळलास का?”

दादासाहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मग त्यानं जे उत्तर दिलं ते इतक्या थकलेल्या, इतक्या साध्या आवाजात दिलं, की त्या साधेपणाचाच अंबुबाईंना घाव बसला!

“अगं आई... तिथं सगळेच काय काय बोलतात. आत्यानं तुला अंतर देणार नाही म्हणून सांगितलं, त्यानंतर ती एकदा तरी फिरकली का? कावळा उतरावा म्हणून बोलायचं असतं ते. माणसं खोळंबली होती, तू रडत होतीस... मी कावळ्याला बोललो होतो, दवाखान्याला नाही!”

अंबुबाईंच्या ओठांवर जन्मभराच्या शिव्या येऊन उभ्या राहिल्या. परंतु त्या बाहेर पडण्याआधीच लेकाचे डोळे भरून आले. कंपनीतलं भंगार उचलायचा त्याचा ठेका गेला होता. कंपनीनं तो दुसऱ्याला दिला होता. गाडी बँकेनं ओढून नेली होती. फ्लॅटाचे हप्ते तीन महिने थकले होते. “मलाच चार ठिकाणी तोंड लपवून राहावं लागतं, आई... गावात येत नाही मी, ते उगीच का?”

हा तोच लेक, ज्याच्या आवाजानं आळी जागी व्हायची! आता त्याच्या गालफडांचे खड्डे दिसत होते. अंबुबाईंचा संताप ओसरला आणि त्याच्या जागी नुसता शिणवटा उरला... हाडामासात भरलेला, उठू न देणारा शिणवटा.

“रोहिदासला हे ठाऊक हाय?”

“पहिल्याच महिन्यात सांगितलं मी त्याला, कर्जात बुडालोय, मला हे देणं झेपणार नाही. रडलो त्याच्यापुढं. तो म्हणाला, भाऊ, होईल तसं मी बघतो. आईला मात्र काही बोलू नकोस. तिला घाटावरचं तेवढं एक समाधान आहे, ते राहू दे.”

मोनिकानं पुढं केलेला पाण्याचा पेला अंबुबाईंनी हातात घेतला आणि न पिताच परत ठेवला. दारापाशी गेल्यावर त्या वळल्या. एवढंच म्हणाल्या, “जेवत जा वेळेवर. हाडं दिसाया लागलीत.”

•

घरी जाण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं. महाळुंग्याच्या फाट्यावर उतरल्या आणि कंपनीच्या बसच्या थांब्यावर, सिमेंटच्या कठड्यावर बसून राहिल्या. एकामागून एक कंटेनर धूळ उडवत जात होते. याच रस्त्याच्या कडेला त्यांनी नवी नवरी म्हणून भुईमूग काढला होता. आता तिथं एवढ्या उंच भिंती, की पलीकडचा डोंगर दिसेना. इतकी वर्षं पोटचा गोळा रोज या धुळीतून चालत घरी येत होता, आणि आपण त्याच्या मागं लागलेलो... हे का बोलत नाही, ते का बोलत नाही!

चारला बस आली. निळ्या शर्टातली दहा-बारा माणसं उतरली. शेवटी रोहिदास. आईला तिथं पाहून त्याचा रंगच उडाला.

“काय झालं? अपेक्षा बरी हाय ना?” लेकीचं नाव त्याच्या तोंडून आधी आलं.

“समदी बरी हायेत. बस हितं.”

तो बसला. मायलेकरं शेजारी शेजारी. मधे त्याचा रिकामा डबा.

“दवाखान्याच्या कागदावर सही तू का केलीस रं? घरात थोरला व्हता.”

रोहिदासानं डबा मांडीवर घेतला. मग रस्त्याकडे बघत म्हणाला, “भाऊ गाडीची सोय बघाया खाली गेला होता. तुझा फोन आला तवा तीन वाजले होते. तू म्हणालीस, दिवस मावळायच्या आत माणूस घरी पायजे. भावकी खोळंबलीय, लाकडं रचून झालीत. ‘काय कागद असंल त्याच्यावर सही कर, पर मालकाला घेऊन ये...’ बिल बाकी होतं, त्यांनी चार कागद पुढं केले. म्या वाचलं न्हाई. केली.”

अंबुबाईंच्या डोळ्यांपुढं तो दिवस उभा राहिला. अंगणात जमलेली माणसं, घड्याळाकडे बघणारे म्हातारे, ‘उशीर होतोय वहिनी’ म्हणून दहादा टोचणारा चुलतदीर... आणि आपण, दुःखापेक्षा लाजेनं जास्त व्याकूळ झालेल्या, फोनवर ओरडणाऱ्या! तो शब्दन् शब्द त्यांचाच होता. आणि तो त्या साफ विसरल्या होत्या!

“आन् घाटावर? घाटावर का गप बसलास?”

“मी तेच बोलणार होतो, आई. सही माझी होती. पण भाऊ आधी बोलला.” त्यानं डब्याचं झाकण उगीच दाबलं. “मग वाटलं, बरं झालं. तुला त्याच्याकडनं ऐकून जास्त बरं वाटतंय.”

किती सहज बोलला तो हे! त्यात तक्रार नव्हती, उपहास नव्हता. आणि म्हणूनच आईचं काळीज त्या वाक्यानं उभं चिरत गेलं.

सांगायचं होतं ते सांगून टाकायला हवं होतं. “कोर्टाचा माणूस ह्याच्या आधी दोन डाव आला व्हता. म्या परत लावला त्याला. देणं फिटलं म्हणून सांगितलं. तुला बोलले न्हाई... मला वाटलं, नुसता अपमान कराया येत्यात. आज दाराला कागद लावून गेले. सोमवारची तारीख हाय.”

आता तरी हा ओरडेल, असं त्यांना वाटलं. ओरडावं, डबा भिरकावून द्यावा, म्हणावं की तुझ्या ताठ्यापायी माझी भाकरी जायची वेळ आली! त्या मनातून त्याची वाटच पाहत होत्या.

रोहिदासानं डोळे मिटले, उघडले. आणि म्हणाला, “बरं.”

•

सोमवारी पिंपरीच्या कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. रोहिदासानं रजा टाकली होती, मिनल बरोबर होती, आणि येण्याची गरज नाही असं दोघांनी तीनदा सांगूनही अंबुबाई आल्या होत्या. जिना चढताना त्यांनी सुनेचा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता.

अकराला बसले, ते अडीचला नाव पुकारलं. न्यायाधीश बाई होत्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद पाहिला.

“प्रतिवादी रोहिदास सोनबा आपणच? समन्स दोन वेळा नाकारलंत. शेवटी दाराला लावावं लागलं. कोर्टाचा कागद नाकारायचं कारण?”

अंबुबाई मागच्या बाकावर होत्या. लेकाची पाठ त्यांना दिसत होती... इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टाखालची वाकलेली पाठ.

“चुकलं मॅडम,” रोहिदास म्हणाला. “मीच घेतलं न्हाई. घाबरलो होतो.”

क्षणभर अंबुबाईंना आपण काय ऐकलं तेच उमगेना. आणि मग उमगलं! आजही... इथंही, भरल्या कोर्टात, हा मुलगा आईचं पाप आपल्या अंगावर घेत होता, जसं त्यानं भावाचं घेतलं, बापाचं देणं घेतलं! सुजलेल्या गुडघ्यांनी त्या उठून उभ्या राहिल्या.

“खोटं बोलतोय त्यो!”

सगळ्या माना वळल्या. शिपाई ‘गप बसा’ म्हणत पुढं आला.

“आजी, खाली बसा,” न्यायाधीश म्हणाल्या. “कोर्टात असं मधेच बोलता येत नाही.”

“बसते, बाई. बसायचीच इच्छा हाय, पाय ऱ्हायलेले न्हाईत. पर आधी ऐका. दारात बोलले ते चुकलं, आन् हितं गप ऱ्हायले तर त्याच्याहून चुकंल.” त्या थांबत नव्हत्या. “ह्याची आई हाय मी. कागद म्या फिरिवला. दोन डाव. घरात कुणाला कळू दिलं न्हाई. ह्यो तर वाट बघत व्हता त्या कागदाची! आन् दवाखान्यात सही केली ती बी माझ्या हुकमावरनं. नवरा तिकडं गार पडला व्हता आन् मला गावाची लाज पडली व्हती... दिवस मावळायच्या आत मढं दारात पायजे म्हणून म्या पोराला त्या कागदाला बांधला. दोन वर्षं हाडं झिजवून भरत आलाय त्यो. मला ठाऊक न्हवतं. आईला ठाऊक न्हवतं! आता शिक्षा करायची तर मला करा. ह्याची भाकरी काढून घेऊ नका.”

एवढं बोलून त्या मटकन खाली बसल्या. ज्या बाईनं नवऱ्याच्या तिरडीपुढंसुद्धा पदर ढळू दिला नव्हता, ती परक्या माणसांच्या गर्दीत ओक्साबोक्शी रडत होती... आणि कोण बघतंय याची तिला पर्वा उरली नव्हती!

न्यायाधीशांनी चष्मा खाली घेतला. शिक्षा करण्यासारखा हा दावा नाही, एवढं त्यांनी समजावून सांगितलं; मग एजन्सीच्या वकिलाला विचारलं, “दोन वर्षं नियमित भरणा केलेला दिसतोय. तडजोडीला हरकत आहे?” वकिलानं मागं उभ्या असलेल्या सुजितकडे पाहिलं. सुजितनं मान हलवली. “मग बाहेर बसून ठरवा, लेखी आणा. आज पगाराबाबत काही हुकूम होणार नाही.”

बाहेरच्या बाकावर ठरवायला दीड तास लागला. सुजित चार वेळा फोनवर आपल्या साहेबाशी भांडला. “अवो सर, म्हातारी कोर्टात रडली, जज मॅडमनी ऐकलंय, आता कशाला ताणता!” असं त्याचं बोलणं अंबुबाईंना ऐकू येत होतं. अखेर व्याज सुटलं. उरलेल्याचे महिन्याचे हप्ते बांधायचं ठरलं. फक्त साहेबाला हमी हवी होती. रोहिदासच्या एकट्या पगारावर त्याचा विश्वास नव्हता.

“माझ्या चार खोल्या हायेत,” अंबुबाई म्हणाल्या. “फिटंपर्यंत त्यांचं भाडं ह्यात जाईल. लिहा. माझी सही घ्या.”

“आई, न्हाई!” रोहिदास ताडकन उठला. त्या खोल्या म्हणजे आईचा मान, हे त्याला माहीत होतं. त्या भाड्याच्या जोरावर तिनं कुठल्याच लेकापुढं कधी हात पसरला नव्हता.

“आत्या, तुमचं औषधपाणी त्यातच चालतं,” मिनल म्हणाली.

“गुडघे फुकट बी दुखत्यात, त्यांना पैका कशाला लागतोय? आन् लागलाच, तर तुज्याकडं मागंन. देशील ना?”

मिनलनं मान डोलावली आणि डोळ्यांना पदर लावला. अंबुबाईंनी लेखणी हातात धरली, आणि दुसरीपर्यंत शिकलेलं आपलं नाव, एकेक अक्षर सावकाश, लेकाच्या नावाखाली लिहिलं.

कोर्टाच्या पायऱ्या उतरल्यावर मात्र त्यांचे पाय चालेनात. मिनल रिक्षा बघायला गेली. त्या खालच्या पायरीवर बसल्या आणि रोहिदास त्यांच्यासमोर उकिडवा बसला. आणि मग... किती काळ कोंडून राहिलेला तो बांध फुटला! आईच्या गुडघ्यांवर डोकं टेकून तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडू लागला. दुखरे गुडघे ठणकत होते. पण त्यांनी पाय हलवला नाही.

“आई... तुझ्या खोल्या गेल्या माझ्यापायी. मी वाचून सही करायला हवी होती... भाऊला धरून तुझ्यापुढं आणायला हवं होतं... मला माफ कर, आई. मी थकलोय गं. लई थकलोय...”

अंबुबाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. कानशिलं पांढरी झाली होती. कधी झाली? रोज समोर जेवायला बसणाऱ्या लेकाची कानशिलं कधी पांढरी झाली, हे आईला आज दिसत होतं! त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा चेहरा वर केला, पदरानं पुसला, आणि त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत झाला.

“नीट ऐक, रोहिदास. न वाचता सही केलीस, ती चूक माझी. कागद फिरला, ती बी माझी. थोरल्याला डोक्यावर चढवला, ती तर माझीच. त्यातलं एक बी तुझ्या माथी न्हाई. पर तीन वर्षं मी तुला घालूनपाडून बोलत ऱ्हायले, आन् तू ऐकत ऱ्हायलास. एकदा तरी म्हणायचं व्हतंस, आये, गप बस, तुला काय ठाऊक न्हाई! न्हाई म्हणालास. मला रोज पाप करू दिलंस, आन् तू एकला पुण्य जोडीत बसलास! ही चूक तुझी हाय, रोहिदास. आन् ती म्या माफ केलेली न्हाई. चल, ऊठ.”